डोक्यातली आच कमी करण्यासाठी टॅपिंग

पुण्यात पेरुगेटजवळ माझी घरगुती खानावळ आहे. बसून जेवणारी पंचवीसेक मुलं आणि बाहेर जाणारे ३८ डबे. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला दोनच पोळ्या, कुणाची आमटी बिनतिखट, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी. अकरा वर्षं हे सगळं मला तोंडपाठ होतं. वही होती ती फक्त खाड्यांची आणि पैशांची.

२०२३ च्या जूनमध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवले. डोक्यावर कर्ज झालं. रात्री दर दोन तासांनी उठून ह्यांचा श्वास चाललाय ना ते बघायचं आणि पहाटे चारला परत ओट्यापाशी. ऑगस्टमधल्या एका रविवारी फीस्टचा शिरा मी मधुमेह असलेल्या आजोबांच्या डब्यात भरून पाठवला. त्यांना मी सात वर्षं डबा देते. त्यांनी फोन करून अगदी शांतपणे विचारलं, "ताई, आज डब्यात गोड आलंय, चुकून का?" त्याच आठवड्यात डाळीचा कुकर पाणी न घालता चढवला. आणि एका रात्री, रोज माझ्यासमोर बसून जेवणाऱ्या मुलाचं नाव मला आठवेना. हातात वाढायचा डाव, समोर त्याचं ताट, आणि नाव येतच नाही. माझ्या आईला शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता. मला वाटलं, माझंही सुरू झालं. तेव्हा मी ५१ वर्षांची होते.

माझी भाची समुपदेशक आहे. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आधी रक्त तपासून घे. मग मी तुला एक गोष्ट शिकवते." ती गोष्ट म्हणजे टॅपिंग. चेहऱ्यावरच्या आणि छातीवरच्या ठरावीक जागांवर बोटांनी हलकेच टकटक करत, मनाला टोचणारी गोष्ट मोठ्याने बोलायची. गेली दोन वर्षं मी हे रोज करते आहे. खानावळीतल्या, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुलांना शिकवलंय. ते नीट, सविस्तर कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी रक्ताची तपासणी

हे टाळू नका. विसरभोळेपणामागे बी-१२ ची कमतरता असू शकते, थायरॉइड असू शकतो, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो, एखाद्या गोळीचा परिणामही असू शकतो. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं फार सर्रास आढळतं. माझं बी-१२ कमीच निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ती मी घेतली. त्यामुळे माझी आठवण सुधारली त्यात इंजेक्शनांचा वाटा किती आणि टॅपिंगचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. फक्त एवढं सांगते, की छातीतली धडधड आणि नाव आठवताना होणारी घाबरगुंडी इंजेक्शनांनी गेली नव्हती. ती टॅपिंगने गेली.

रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, ओळखीच्या वस्तूचा उपयोगच न कळणं, असं काही असेल तर ताण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि एकाएकी गोंधळ झाला, बोलणं अडखळलं, तोंड किंवा हात वाकडा पडला, तर मिनिटही न घालवता हॉस्पिटल गाठा.

आठवण जाते कुठे

भाचीने मला उंदरांचा एक प्रयोग सांगितला, तो मला कायमचा लक्षात राहिला. प्रयोग १९९८ चा. उंदरांना पाण्याच्या हौदात बुडलेला चौथरा कुठे आहे ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी पायांना विजेचा झटका दिला आणि मग पुन्हा हौदात सोडलं. झटक्यानंतर दोन मिनिटांत सोडलेल्या उंदरांना चौथरा आठवत होता. चार तासांनी सोडलेल्यांनाही आठवत होता. पण अर्ध्या तासाने सोडलेल्यांना काही केल्या सापडेना. ताण आला की शरीरात जे संप्रेरक चढतं, ते त्या अर्ध्या तासाच्या सुमारास भरात असतं. हे संप्रेरक तयारच होऊ नये असं औषध दिलेल्या उंदरांना मात्र अर्ध्या तासानेही चौथरा सापडला.

माणसात त्या संप्रेरकाचं नाव कॉर्टिसॉल. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, आठवणी बसवणं आणि हुडकून काढणं ही त्याची कामं. ताणाची संप्रेरकं नेमकी तिथे जाऊन चिकटतात, हे ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने १९६८ मध्येच उंदरांच्या मेंदूत दाखवून दिलं होतं.

हे ऐकलं आणि मला रडू आलं. चार तासांनी उंदराला चौथरा आठवतो, म्हणजे तो पुसला गेलेला नसतो. त्या मुलाचं नावही मला रात्री भांडी घासताना आपोआप आठवलं होतं. जाग्यावर होतं, तेव्हा फक्त हाताला लागत नव्हतं.

म्हणून टॅपिंगकडून काय मागायचं ते आधी पक्कं करा. टॅपिंगने आठवण डोक्यात भरत नाही. डोक्यातली आच कमी होते, आणि मग तळाशी जे आहे ते दिसायला लागतं. भरायचं काम वेगळं, तेही पुढे सांगते.

नेमकं काय टोचतंय ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. "मला खूप टेन्शन आहे" असं म्हणून दहा मिनिटं टकटक केली तरी हाताला फारसं काही लागत नाही. पहिले आठ दिवस मी तेच केलं.

भाचीने विचारलं, "टेन्शन म्हणजे काय, मावशी? कुठल्या दिवशी? काय दिसतंय तुला?" मी म्हटलं, कुकर. "कुकरचं काय?" मग माझ्या लक्षात आलं, मला डोळ्यासमोर कुकर दिसतच नव्हता. धूर झाल्यावर आतल्या खोलीतून हे खोकत बाहेर आले आणि भिंतीला धरून उभे राहिले, ते दिसत होतं. माझ्या विसरण्याने ह्यांना काही झालं तर, ही खरी गोष्ट होती. त्यावर टॅपिंग केलं तेव्हा पहिल्यांदा खांदे खाली आले.

तर एक प्रसंग घ्या. एक दिवस, एक जागा, एक चित्र. आणि शरीरात ते कुठे जाणवतंय ते बघा: पोटात गोळा, गळ्याशी आवंढा, कानशिलं ताठ, तळहाताला घाम. नीट सापडलं की आकडा द्या, शून्य ते दहा. मी मुलांना विचारते, "आच किती?" शून्य म्हणजे शेगडी बंद, दहा म्हणजे उतू जातंय. आकडा कागदावर लिहा. मनातल्या मनात ठेवला की नंतर तो बदलतो.

वाक्य

इंग्रजीतून आलेल्या पद्धतीत एक ठरलेलं वाक्य असतं, त्याचा शेवट 'मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते' असा होतो. ते माझ्या तोंडात बसेना. आपल्या घरांत असं कुणी बोलत नाही, आणि जे वाक्य म्हणताना अवघडल्यासारखं होतं ते कामाला येत नाही. मी माझं केलं: "कुकर जळला आणि हे खोकत बाहेर आले, ते आठवलं की पोटात गोळा येतो, तरी मी माझ्यावर रागावणार नाही." तुम्ही तुमचं करा. पहिल्या अर्ध्यात जे खरं आहे ते, जसं आहे तसं, गोड न करता. दुसऱ्या अर्ध्यात स्वतःशी माया. एक मुलगी म्हणते, "तरी मी माझ्या बाजूने आहे." फार छान आहे ते.

हे वाक्य तीनदा मोठ्याने म्हणायचं. म्हणताना एका हाताच्या चार बोटांनी दुसऱ्या हाताची कड ठोकत राहायची. कड म्हणजे करंगळीखालचा मांसल भाग, मनगटाच्या अलीकडे.

जागा

त्यानंतर वरून खाली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या टोकांनी, प्रत्येक जागी सातेक वेळा. जोर किती? कणीक पुरेशी मऊ झाली का ते बोटाने दाबून बघतो, त्याहूनही हलका. दुखता कामा नये. नखं वाढलेली असतील तर बोटांच्या पेरांनी.

भुवई नाकाजवळ जिथे सुरू होते ती पहिली जागा. मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याचं हाड, कानशिलाच्या अलीकडे. मग डोळ्याखालचं हाड, बुबुळाच्या सरळ रेषेत. नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली खोबण. खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधला खळगा. मग कॉलरबोन: गळ्याच्या खळगीपासून एक इंच खाली आणि एक इंच बाजूला, तिथे मी सगळी बोटं पसरून ठोकते, म्हणजे नेमकी जागा चुकायची भीती राहत नाही. मग काखेखाली चार बोटं, आणि शेवटी टाळू. उजवी बाजू की डावी, काही फरक पडत नाही.

प्रत्येक जागी लांबलचक वाक्य म्हणायचं नाही. छोटा तुकडा: "तो धूर", "हे खोकत आले", "पोटातला गोळा". एक फेरी झाली की थांबा, नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. परत आकडा बघा. नऊचा सहा झाला असेल तर पुढच्या फेरीत म्हणा, "अजून उरलेला गोळा". अशा तीन ते चार फेऱ्या, सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. तीनच्या खाली आलं की मी थांबते. शून्यासाठी अडून बसत नाही.

मध्येच दुसरं काही वर येतं. माझं कुकरवरून एकदम कर्जाच्या हप्त्यावर गेलं. तसं झालं तर ते वेगळं लिहून ठेवा, त्याला वेगळा आकडा, वेगळी बैठक. दोन पातेली एका शेगडीवर नको.

मग आठवायचं काम

टॅपिंग झालं की लगेच उठू नका. डोकं निवलेलं असतं, हीच वेळ. मी पहाटे पाच वाजता गॅस पेटवायच्या आधी टॅपिंग करते, मग डब्यांची यादी एकदा वाचते, पालथी घालते आणि मोठ्याने म्हणते: "एक नंबर, बिनकांद्याचा. दोन नंबर, तीन पोळ्या, भात नको…" अडतीसपर्यंत. मग यादी उलटून चुकलेल्यांवर खूण. दुसऱ्या दिवशी सुरुवात खुणा केलेल्यांपासून. पहिल्या आठवड्यात चौदा-पंधरा चुकायचे, दिवाळीपर्यंत दोन-तीनवर आले.

नुसतं पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून काढण्याने गोष्ट जास्त पक्की बसते, हे स्मरणावरच्या संशोधनात चांगलंच सिद्ध झालेलं आहे. मुलांना मी हे कळकळीने सांगते, कारण ती एकेक पुस्तक पाचव्यांदा वाचत बसतात. आणि मी यादी आता लिहिते, शिवाय मधुमेहाच्या डब्यांना लाल दोरी बांधते. डोक्यावर भरवसा आहे, पण आजोबांच्या साखरेचा प्रश्न माझ्या डोक्यावर सोडायचा नाही.

झोपेचंही बघा. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री ह्यांचा श्वास बघायला उठणं मी बंद केलं ते टॅपिंगने आच उतरल्यावरच, आणि मला वाटतं माझ्या आठवणीला सगळ्यात मोठी मदत त्या सलग सहा तासांनीच झाली.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

परभणीकडचा एक मुलगा तीन वर्षं माझ्याकडे जेवतो. मागच्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या आधी ताटावर बसून म्हणाला, "काकू, वाचलेलं सगळं पुसलं गेलंय. टेस्टमध्ये वसंतराव नाईक समिती कोणत्या वर्षाची तेसुद्धा आठवलं नाही." मी त्याला वाढता वाढता विचारलं, आत्ता सांग. "१९६०." पंचायतराजची घटनादुरुस्ती? "त्र्याहत्तरावी, १९९२." सगळं येत होतं.

जेवण झाल्यावर त्याला स्वयंपाकघरात बसवलं. टोचत काय होतं? आदल्या वर्षी पूर्व दोन मार्कांनी गेली होती. तो निकाल बघितला तेव्हा वडील शेतात होते, आणि फोनवर ते फक्त "बरं, जेवलास का?" एवढंच म्हणाले. ते "जेवलास का" त्याला सोसलं नव्हतं. आच नऊ. चार फेऱ्यांनंतर चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी परत तोच प्रसंग घेतला. मग मी त्याला सांगितलं, रोज टेस्ट लावायच्या आधी पाच मिनिटं हेच कर, म्हणजे टेस्ट आणि निवलेलं डोकं यांची जोडी जमेल. फक्त परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा करून बघू नकोस. हात सरावाचा हवा.

परीक्षेच्या खोलीत चेहऱ्यावर टकटक करता येत नाही. तिथे तळहाताची कड बाकाखाली मांडीवर हलकेच ठोकायची, किंवा कॉलरबोनखाली बोटं ठेवून नुसती चोळायची. वाक्य मनात. श्वास सावकाश सोडायचा. आठवत नसलेल्या प्रश्नावर अडून न बसता खूण करून पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तेव्हा घाबरून ठोकलेलं उत्तर महाग पडतं. पाच-सात प्रश्न सोडवून परत आलं की पुष्कळदा उत्तर समोर उभं असतं.

तो मुलगा पूर्व पास झाला. अभ्यास त्याचा होता.

यामागचं विज्ञान कुठवर

अमेरिकेतल्या रॉजर कॅलहन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात असं ठोकण्याचं तंत्र बांधलं, आणि पुढे गॅरी क्रेग या इंजिनिअरने १९९० च्या दशकात ते सोपं केलं. शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्या मोकळ्या होतात, असं त्यामागे सांगितलं जातं. त्याला आधार मिळालेला नाही. २००३ मध्ये ११९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना उंचीची वगैरे भीती होती. काहींनी ठरलेल्या जागांवर ठोकलं, काहींनी हातावर भलत्याच जागी, काहींनी तर बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती सारखीच कमी झाली. ज्यांनी कुठेच ठोकलं नाही त्यांची झाली नाही. २०१२ मध्ये ८३ जणांवरच्या एका अभ्यासात तासाभराच्या टॅपिंगनंतर कॉर्टिसॉल सरासरी २४ टक्क्यांनी उतरलं, नुसतं बोलणाऱ्यांचं आणि नुसतं बसलेल्यांचं १४ टक्क्यांच्या आसपास. पण तो अभ्यास टॅपिंगचा प्रसार करणाऱ्यांनीच केलेला होता आणि माणसंही थोडी होती.

मी यातून एवढं घेतलं: भीतीकडे तोंड करून तिचं नाव घेणं, आणि त्याच वेळी हाताला एक संथ काम देणं, हे उपयोगी पडतं. म्हणून जागा अर्धा इंच इकडेतिकडे झाली तर काळजी करू नका. आणि स्मरणशक्ती दुप्पट करणारं टॅपिंग म्हणून कुणी हजारो रुपयांचा कोर्स विकत असेल तर ते पैसे झाकून ठेवा. यात शिकायचं जेवढं आहे तेवढं वर आलंच आहे.

एकट्याने करू नये असं काही

आकडा उतरायच्या ऐवजी चढत गेला, रडू आवरेना, हातपाय गार पडले, तर प्रसंग सोडून द्या. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, पाणी प्या, कुणाला तरी हाक मारा. अपघात, मारहाण, लहानपणचा अत्याचार, कुणी जवळचं माणूस जाणं, हे विषय समोर जाणता माणूस असल्याशिवाय उघडू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर टॅपिंगवर वेळ घालवू नका, टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. माझ्या खानावळीत ताटं ठेवायच्या रॅकशेजारी तो मोठ्या अक्षरात लावलेला आहे.

आईचा विषय मी दीड वर्ष बाजूला ठेवला होता. शेवटी शेवटी आई मला "बाई, तुम्ही कोण?" म्हणायची, ते. गेल्या डिसेंबरमध्ये भाची दोन दिवस राहायला आली, तेव्हा दुपारी डबे गेल्यावर ती माझ्यासमोर बसली, तिने तिच्या हाताने माझ्या हाताची कड ठोकली, आणि मी ते वाक्य पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. आच नऊवरून सहावर आली. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.